खरं नाव

नवा हक्क मिळाला की लोक पेढे वाटतात. मला मिळाला तेव्हा मी दुकानात एका निवृत्त मास्तरांच्या नाकावर फ्रेम बसवत होते. फोनवरची बाई म्हणाली, गिरिजा आवटी बोलताय का, पीडितांच्या नव्या कायद्याखाली तुमच्याकडे एक निर्णय आलाय. मी म्हटलं, जरा थांबा, हात गुंतलेत. मास्तरांच्या कानामागे काडी टोचत होती, आणि टोचणारी काडी गरम करून वाकवल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही. इतकी वर्षं मला कुणी काही विचारलं नव्हतं. मास्तरांचा कान होईपर्यंत सरकारनं थांबायला काय हरकत होती?

मिरजेत स्टेशन रोडला आमचं चष्म्याचं दुकान आहे. आता निम्मी गिऱ्हाईकं काचेत पडदा असलेले चष्मे मागतात, चालता चालता त्यांना बातम्या वाचायच्या असतात. पण फ्रेम नाकावर नीट बसवायला अजून माणूसच लागतं. दुकान माझ्या नवऱ्याचं, गिरीशचं. याच दुकानाच्या मागच्या खोलीत त्याच्या सख्ख्या धाकट्या भावानं, उन्मेषनं, त्याला मारलं. शटर ओढायला आकड्याची लोखंडी सळई असते, तिनं. भर दुपारची वेळ, शटर आतून ओढलेलं. मी मुलीला शाळेतून आणायला गेले होते.

उन्मेष आजारी आहे हे आम्हाला माहीत होतं. किती आजारी आहे हे माहीत नव्हतं. कोर्टानं सांगितलं की आपण काय करतोय हे कळण्याच्या स्थितीत तो नव्हता, म्हणून निर्दोष. निर्दोष हा शब्द मी बाकावर बसून ऐकला आणि घरी येईपर्यंत तोंडात घोळवत राहिले. त्याला फाशी व्हावी असं मला कधी वाटलं नाही. पंख्याशी भांडणाऱ्या त्या पोराला मी रोज जेवायला वाढत होते, त्याची अवस्था मला न्यायाधीशांनी सांगायची गरज नव्हती. माझा राग निराळा होता. जे घडलं ते पोलिसांचं झालं, डॉक्टरांचं झालं, वकिलांचं झालं. माझ्या वाट्याला एक प्रश्न आला: ही सळई तुमच्याच दुकानातली का? मी हो म्हटलं आणि माझी साक्ष संपली. सळई पुराव्यात गेली ती गेलीच. पुढं कितीतरी दिवस मी शटर झाडूच्या काठीनं ओढत होते.

आत काय झालं हे उन्मेषला कुणी विचारलं नाही, कारण तो सांगण्याच्या स्थितीत नव्हता. मला कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. गिरीश शेवटी ओरडला का, काही बोलला का, मला हाक मारली का, हे प्रश्न तेव्हापासून माझ्या मागं लागलेत. मी एका जागी बसू शकत नाही ते त्यामुळंच. जेवतानासुद्धा मी उठून कट्टा पुसते, असं माझी मुलगी म्हणते.

फोननंतर काही दिवसांनी डॉक्टर तहसीन मुजावर स्वतः दुकानात आल्या. उन्मेष ज्या टेकडीवरच्या रुग्णालयात आहे तिथल्या त्या मुख्य डॉक्टर. वयानं माझ्याहून लहान, बोलणं थेट. मी त्यांना मागच्या खोलीत बसवलं, काचा कापायच्या यंत्राशेजारी. ही खोली तीच, हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही, पण खुर्चीत बसताना त्या जरा कडेला बसल्या.

आधी त्यांनी माझी ओळख पटवली. रुग्णालयाकडच्या नोंदीत गिरिजा होतं आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर वैजयंती. हा घोळ मला नवा नाही, दुकानाच्या परवान्यापासून मुलीच्या पासपोर्टपर्यंत तो सगळीकडं आडवा आला आहे. मी सांगितलं, दोन्ही मीच, लग्नात नाव बदललं. सासूबाईंना गिरीशला शोभेल असं नाव हवं होतं. ताटात तांदूळ पसरले आणि गिरीशनं अंगठीनं त्यात गिरिजा लिहिलं. त्याच संध्याकाळी तो मला म्हणाला होता की आई बघत होती म्हणून लिहिलं, तुझं खरं नाव मी माझ्यापाशी ठेवणार आहे. चारचौघांत तो मला नुसतं अगं म्हणायचा. दोघंच असलो की वैजू. आईंच्या कानावर ते नाव त्यानं कधी पडू दिलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं, आणि आईला वाईट वाटू न देणं हा गिरीशचा स्वभावच होता. हे वैजूचं अर्थात मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

मग त्यांनी मला उन्मेषचा आजार समजावून सांगितला. इतक्या वर्षांत तो कुणी मला असा सांगितला नव्हता. आपण एखाद्याला ओळखतो तेव्हा मेंदूत दोन कामं एकाच वेळी चालतात, त्या म्हणाल्या. एक वाट चेहरा जुळवते: नाक तेच, कपाळ तेच. दुसरी वाट त्या चेहऱ्याबरोबरचा आपलेपणा जागा करते. उन्मेषची ही दुसरी वाट भावापुरती तुटली होती. समोर चेहरा भावाचा यायचा, पण आपलं माणूस आल्यासारखं आत काही हलायचं नाही. मेंदूला असं अर्धवट चालत नाही, तो कारण शोधतो. उन्मेषच्या मेंदूनं शोधलेलं कारण असं, की हा दादासारखा दिसणारा कुणी तोतया आहे आणि खऱ्या दादाला यानं कुठंतरी कोंडून ठेवलंय.

"म्हणजे त्याच्या लेखी त्यानं भावाला मारलंच नाही," मी म्हटलं.

"त्याच्या लेखी तो भावाला सोडवत होता, ताई."

मी उठले आणि यंत्राला साचलेली काचेची पूड पुसायला लागले. डॉक्टर थांबल्या नाहीत. आता अशी औषधं आली आहेत की ती तुटलेली वाट सांधता येते, त्या म्हणाल्या. पण खरी अडचण तिथंच आहे. वाट सांधली की आपलेपणा परत येतो, आणि तो नेमका त्याच चेहऱ्यावर येतो ज्याच्यावर त्यानं सळई उगारली होती. मग त्याला कळतं. कळलं की तो मरायला बघतो. कधी चादरीनं, कधी पाण्याच्या टाकीत. म्हणून दर वेळी त्या औषध कमी करतात आणि त्याला पुन्हा त्याच्या तोतयाकडं पाठवतात.

"आम्ही त्याला मुद्दाम अर्धवट आजारी ठेवतो," त्या म्हणाल्या. "जिवंत ठेवायचा दुसरा मार्ग नव्हता."

तेव्हा मला माझ्या सासूबाई कळल्या. आई माझ्याकडंच राहतात. दर महिन्याला शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा घेऊन एसटीनं त्या टेकडीवर जातात. मी त्यांना स्टँडवर सोडते आणि संध्याकाळी आणायला जाते. मधल्या वेळाबद्दल आम्ही बोलत नाही. उतरल्यावर त्या एवढंच म्हणतात, बरा आहे, किंवा बरा नाही. बरा नाही म्हणाल्या की त्या दिवशी पोटभर जेवतात. बरा आहे म्हणाल्या की देवघरासमोर बसून राहतात आणि ताटाला शिवत नाहीत. मला वाटायचं, म्हातारीचं डोकं उलटं चालतं. ते सरळच चालत होतं.

नवा उपाय सांगताना डॉक्टर जरा पुढं सरकून बसल्या. त्याचं सरकारी नाव स्मृतिमोचन. रुग्णालयातले लोक नुसतं पुसणं म्हणतात. आपण एखादी गोष्ट पूर्ण आठवतो तेव्हा ती आठवण मेंदूत थोडा वेळ सैल होते, त्या म्हणाल्या. नवी प्रथिनं तयार करून मेंदू ती पुन्हा घट्ट बसवतो. त्या सैल वेळात ही प्रथिनं बनूच दिली नाहीत तर आठवण परत बसत नाही.

मला माझ्या धंद्यातलं सुचलं. मी म्हटलं, काच फ्रेममधून काढली की पुन्हा बसवेपर्यंत ती कुणाचीच नसते, तेवढ्यात काढून घ्यायची. डॉक्टर हसल्या, म्हणाल्या, अगदी तसंच. पूर्वी असं औषध दिलं तर सगळ्या मेंदूभर पसरायचं. आता डोक्याबाहेरून अतिध्वनी लहरी नेमक्या त्या पेशींवर एकवटता येतात आणि औषध तिथंच उघडतं. फक्त आठवण अथपासून इतिपर्यंत निघायला हवी, त्याच्या तोंडून. जेवढं सांगेल तेवढं जाईल, आणि त्याच्या आधारानं पुढं कळलेलंही.

आणि ते गेलं की त्या खोलीतला एकमेव साक्षीदार संपणार. म्हणून कायद्यानं हा निर्णय माझ्या हातात दिला होता. मी नाही म्हणू शकत होते आणि कारण द्यायचीही गरज नव्हती. हो म्हणाले तर मला समोर बसून ऐकता येणार होतं. याला श्रवणाधिकार म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिथं बोललेलं ध्वनिमुद्रित होत नाही, ते ऐकणाऱ्याचं असतं.

मी म्हटलं, बघते. त्या गेल्यावर मी दुकानातली प्रत्येक फ्रेम खाली काढून पुसली आणि पुन्हा लावली.

मुलीला मी त्याच दिवशी फोन केला. मुक्ता बंगळूरला असते, तिला बापाचा चेहरा फोटोतूनच जास्त आठवतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं,

"म्हणजे तो विसरणार. आणि आपण? आपल्याला का नाही देत ते औषध?"

मी सांगितलं की मागितलं तर आपल्यालाही मिळतं, डॉक्टर तसं म्हणाल्या होत्या. ती म्हणाली, मग घे की तू, निदान एका जागी बसशील. मी तिला म्हटलं, माझ्याकडं पुसण्यासारखं आहे काय? शटर तर खाली होतं. त्यावर ती म्हणाली की तुला नाही म्हणायचं असेल तर बिनधास्त म्हण, आजीला काय वाटेल याचा विचार करू नकोस.

पण तो विचार केल्याशिवाय कसं चालेल? या सगळ्यात आईंना कायद्यानं जागाच ठेवलेली नव्हती. मेलेल्याची आई म्हणून त्या पीडित, मारणाऱ्याची आई म्हणून त्या आरोपीकडच्या. दोन्हीकडं असलेल्या माणसाला निर्णय देता येत नाही, असं फोनवरच्या बाईनं सांगितलं होतं. त्यामुळं त्यांच्या लेकाचं काय करायचं हे सुनेनं ठरवायचं होतं.

त्यांनी माझ्याकडं काहीच मागितलं नाही. मागितलं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. त्या नेहमीसारख्या भाजी निवडत, माझा डबा भरत. मी मात्र घरभर फिरत होते, कपाटं लावत होते, लावलेली पुन्हा लावत होते. एका सकाळी मी चपला घालत असताना त्या दारापर्यंत आल्या.

"गिरिजा, तू नाही म्हणालीस तरी मी तुझ्याच घरात राहणार आहे," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगायचं होतं."

मी दुकानात गेले. दिवसभर मला त्यांचा फार राग आला, आणि तो राग कशाचा ते कळेना.

मी शेवटी होकार दिला. तो दयेपोटी दिला असं कुणी समजू नये. मला ऐकायचं होतं. गिरीशच्या शेवटच्या घटका जगात एकाच डोक्यात होत्या आणि ते डोकं उघडायचा मार्ग एकच होता. मी एक अट मात्र घातली. उन्मेष विसरला तरी त्याला माहीत असलं पाहिजे. त्याच्या हातून भाऊ गेला हे त्याला नंतर सांगायचं, आणि ते मी सांगणार. त्याला कुणीतरी निर्दोष म्हणून कोरा करकरीत बाहेर सोडणार असेल तर माझा होकार नाही.

डॉक्टरांनी विचार करून मान्य केलं. म्हणाल्या, आपला जन्म कुठं झाला ते आपल्याला माहीत असतं, आठवत नसतं. नुसतं माहीत असलेलं माणूस सोसतं. आधी ज्यांना असं सांगितलंय ते रडले, पण जगले.

ठरलेल्या दिवशी आई आणि मी एकाच एसटीनं टेकडीवर गेलो. त्या रस्त्यानं मी पहिल्यांदाच जात होते. आई खिडकीतून मला एकेक गाव दाखवत होत्या, इथं चहा चांगला मिळतो, इथं गाडी थांबत नाही. रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्या बाकावर बसल्या, आणि मी व्हरांडाभर येरझाऱ्या घालत राहिले. पर्समध्ये माझा चष्म्याचा बारका स्क्रूड्रायव्हर असतो, तो काढून हातात घेतला. हाताला काहीतरी लागतं.

आत नेण्याआधी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. उन्मेषला मी असणार हे सांगितलं होतं आणि त्याची हरकत नव्हती. तो त्याच्या अर्धवट आजारातच असेल, तोतयाची गोष्ट खरी मानूनच बोलेल, हे मी लक्षात ठेवायचं होतं. आणि एक नियम होता.

"तुम्ही आत एक शब्दही बोलायचा नाही," त्या म्हणाल्या. "आठवण सैल असताना तिच्यात जे पडेल ते कायमचं मुरतं. तुमचा शब्द आत गेला तर तो मला पुन्हा काढता येणार नाही."

उन्मेष खुर्चीत बसला होता, डोक्यावर तारांची टोपी. जाड झाला होता. चष्मा नव्हता, काचेची भीती म्हणून तिथं देत नाहीत, त्यामुळं डोळे बारीक करून तो माझ्याकडं बघत होता. मला बघून तो हसला. गोष्ट सांगायला आपलं माणूस मिळालं म्हणून लहान मूल हसतं, तसा.

"वहिनी, तो दादा नव्हता," त्यानं सुरुवात केली. "तुला कळलं नाही, मला पहिल्या दिवशीच कळलं. सगळं शिकून आला होता. चहा बशीत ओतून प्यायचा, दादासारखा. खोकायचा पण तसंच. मी त्याला काही दाखवलं नाही. म्हटलं, याला कळलं तर तो दादाला मारून टाकेल."

तो सांगत गेला. गिरीश गिऱ्हाईकांशी कसा बोलत होता, काउंटरवर कुणाची फ्रेम दुरुस्तीला पडली होती, बाहेर आइसक्रीमवाल्याची गाडी कशी वाजत होती. मी ज्या दुपारी नव्हते ती दुपार माझ्यासमोर उघडत होती आणि मला ती हवी होती, वेड्यासारखी हवी होती. डॉक्टर त्या टोपीला जोडलेल्या पडद्याकडं बघत होत्या. तो बोलेल तसतसे तिथले ठिपके पेटत होते आणि थोड्या वेळानं विझत होते.

"मग मी ठरवलं, एक प्रश्न विचारायचा. आपल्या घरातल्यालाच येईल असा. चुकला की सापडला. मी शटर ओढलं आणि त्याला मागच्या खोलीत बोलावलं. म्हटलं, माझ्या वहिनीचं खरं नाव सांग."

मी स्क्रूड्रायव्हर मुठीत धरला.

"तो आधी हसला. बस खाली, पाणी पी म्हणाला. मी सळई दाखवली तेव्हा गप्प झाला. माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, खरं नाव सांग, खोटं बोलू नकोस. तर म्हणतो कसा, वैजू." उन्मेष पुन्हा हसला. "वैजू म्हणे. सापडला की नाही? आमच्या वहिनीचं नाव गिरिजा, शेंबड्या पोराला पण माहीत आहे. ज्याला वहिनीचं नाव येत नाही तो कसला दादा?"

गिरीशनं आयुष्यात एकदाच ते नाव माझ्याशिवाय कुणाजवळ उच्चारलं. उन्मेषनं खरं विचारलं म्हणून त्यानं खरं सांगितलं. गिरिजा म्हणाला असता तर उन्मेषनं सळई खाली ठेवली असती. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत वैजयंती छापलं होतं, पण तेव्हा हा शाळेत जात होता, त्याच्या काय लक्षात राहणार? आणि वैजू तर त्याला ऐकू येणार नाही याची आम्हीच काळजी घेतली होती.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. वैजू मीच. तो दादाच होता आणि त्यानं बरोबर उत्तर दिलं होतं. एवढं मी म्हणाले असते तर ते त्याच्या आत कायमचं मुरलं असतं, कुठल्याही औषधानं निघालं नसतं. जी शिक्षा कोर्टाला देता आली नाही ती माझ्या जिभेवर आली होती. डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढून माझ्याकडं बघितलं. त्यांना माझा शाळेचा दाखला आठवला असावा.

मी स्क्रूड्रायव्हर मुठीत इतका दाबला की तळहाताला भोक पडलं.

मी का गप्प राहिले? आई बाहेर बाकावर बसल्या होत्या हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण माझं स्वतःचं होतं. मी बोलले असते तर ते नाव त्याच्या डोक्यात जन्मभर राहिलं असतं. गप्प राहिले तर ते त्याच्यातून निघून जाणार होतं आणि माझ्याकडं परत येणार होतं. मला ते परत हवं होतं.

"पडल्यावर पण तेच म्हणाला," उन्मेष म्हणाला. आता त्याचा आवाज जड झाला होता. "हळू म्हणाला, हाक मारल्यासारखा. वैजू. वैजू. चुकीचंच नाव. मला वाटलं, आता दादा सुटला असेल, येईल. मी शटर उघडून वाट बघत बसलो."

पडद्यावरचे ठिपके एकेक करून विझले. उन्मेषनं माझ्याकडं बघितलं आणि काय सांगत होतो ते विसरल्यासारखा कपाळावर हात फिरवला. डॉक्टरांनी मला हातानं बाहेर जायची खूण केली. व्हरांड्यात आई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या हाताचं रक्त बघितलं आणि आपला पदर त्याभोवती गुंडाळला. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. गिरीशनं मला हाक मारली होती. इतकी वर्षं मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि ते कळल्यावर उभं राहवत नव्हतं.

पुढच्या महिन्यात आईंबरोबर मी पुन्हा गेले. त्यांनी पोळ्यांचा डबा घेतला होता आणि मी चष्मा. उन्मेषचा नंबर डॉक्टरांकडून मागवून मी हलक्या, न फुटणाऱ्या काचा बसवल्या होत्या. त्याला आता औषध पूर्ण चालू होतं. तो आमच्याकडं चालत आला आणि आईंच्या पाया पडला. मग चष्मा लावून त्यानं माझ्याकडं नीट बघितलं.

"वहिनी, तुझे केस पांढरे झाले की गं," तो म्हणाला. आणि माझ्यामागं दाराकडं बघत म्हणाला, "दादा नाही आला?"

बागेतल्या बाकावर बसून मी त्याला सांगितलं. शब्द मी एसटीत पाठ केले होते. दादा गेला. तुझ्या हातून गेला. तू आजारी होतास, तो तुला दादा वाटला नाही. फार वर्षं झाली. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग दोन्ही हातांनी चेहरा झाकून रडायला लागला. परगावी असलेल्या माणसाला घरची बातमी उशिरा पोचावी तसा तो रडत होता, आणि मी त्याच्याकडं बघत बसले होते. बसले होते, हे माझं मलाच नंतर जाणवलं. आईंनी त्याचा एक हात धरला होता. डॉक्टर लांबून लक्ष ठेवून होत्या, पण जवळ आल्या नाहीत.

मला वाटलं होतं की त्याचं रडणं बघून मला बरं वाटेल. थोडं वाटलंही. तो निर्दोष असेल, पण आता त्याला माहीत होतं.

बऱ्याच वेळानं त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला. पुढं त्यानं जे विचारलं ते तो विचारेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. खरं तर कुठलाही भाऊ विचारेल. मीही इतकी वर्षं तेच विचारत होते.

"वहिनी, दादा शेवटी काही बोलला का?"

आईंनीही माझ्याकडं बघितलं. त्यांनाही ते कधी कळलं नव्हतं. ती दुपार आता जगात माझ्या एकटीजवळ होती आणि ती द्यायची की नाही हा हक्क कुठल्या कायद्यात लिहिलेला नव्हता.

"माझं नाव घेतलं," मी म्हटलं.

"गिरिजा?"

त्या दुपारी त्याला हेच उत्तर हवं होतं.

"हो," मी म्हटलं. "गिरिजा."

त्यानं मान हलवली, पटल्यासारखी. आईंनी डोळ्यांना पदर लावला. "मी ठेवलेलं नाव," त्या हळूच म्हणाल्या. "मी ठेवलेलं नाव घेऊन गेला गं माझा लेक."

मी उन्मेषच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला. त्याच्या कानामागे लाल वळ उठला होता, काडी थोडी वाकवायला हवी होती.